परळचे ऑफिस, ठाण्याची शाळा आणि वीस हजारांचे घर

पत्र: मी मूळचा बार्शीचा, वय २९. लोअर परळच्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात नोकरी करतो, हातात ५८ हजार रुपये पडतात. गेली चार वर्षे परळला एका खोलीत आम्ही चौघे राहतो. फेब्रुवारीत माझे लग्न आहे. होणाऱ्या पत्नीला ठाण्यात एका शाळेत नोकरी लागली आहे आणि तिला २४ हजार मिळतील. आम्हाला वीस हजारांच्या आत वन बीएचके हवे आहे. दोन महिने दर रविवारी फिरतो आहे. शिवडीला एजंटने वन बीएचके म्हणून दाखवलेले घर म्हणजे प्लायवूडची भिंत घालून दोन केलेली एकच खोली निघाली, आणि तिचे भाडे २८ हजार सांगितले. आता नालासोपाऱ्याचा एक मालक आठ लाख रुपये हेवी डिपॉझिट घेऊन बिनभाड्याने घर द्यायला तयार आहे. वडील म्हणतात, बँकेतली ठेव मोडून पैसे देतो. एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी केली की पुरे. ताई, वीस हजारांत खरेच घर मिळेल का, आणि हा हेवी डिपॉझिटचा व्यवहार करावा का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे छोटी आहेत, ती आधी देते. आठ लाखांचे हेवी डिपॉझिट देऊ नका. आणि अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हे एजंटचे म्हणणे महाराष्ट्रापुरते तरी साफ चूक आहे. वीस हजारांत वन बीएचके मिळेल का, याचे उत्तर ‘मिळेल’ असे आहे. मात्र परळ, शिवडी, लालबाग या पट्ट्यात ते मिळणार नाही, आणि त्या पट्ट्यात तुम्ही आणखी रविवार घालवू नयेत असे मला वाटते.

त्या भागात मध्यमवर्गाला झेपेल असे भाड्याचे घर का उरले नाही, याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी जवळजवळ गोठवून टाकली. त्या भाड्यात मालकाला इमारतीची डागडुजीही परवडेना, भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे हा धंदाच बसला, आणि ज्यांच्याकडे जुनी खोली होती ती पागडीने, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, हात बदलत राहिली. पुढे गिरण्यांच्या जागांवर टॉवर आले. त्यामुळे आज त्या परिसरात तुमच्यासमोर दोनच टोके आहेत: एकीकडे चाळीतली किंवा पुनर्वसन इमारतीतली एक खोली आणि दुसरीकडे पन्नास हजारांच्या घरातला फ्लॅट. शिवडीला तुम्हाला पहिल्या टोकाची खोली दुसऱ्या टोकाच्या नावाने दाखवली गेली. अशा खोलीला एजंटांच्या बोलीत ‘कन्व्हर्टेड वन बीएचके’ म्हणतात. ती खोली झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या इमारतीतली असेल तर आणखी एक अडचण असते: मूळ झोपडीधारकाला मिळालेले घर पहिली काही वर्षे विकण्या-देण्यावर कायद्याने बंधन असते, आणि तपासणी झाली की घराबाहेर पडण्याची वेळ भाड्याने राहणाऱ्यावर येते.

आता तुमच्या शोधाकडे वळते. तुम्ही भाड्याचा आकडा धरून ठिकाण शोधता आहात. मी तुमच्या जागी असते तर रेल्वेचे वेळापत्रक धरून शोधले असते. मुंबईत घराची खरी किंमत दोन हिश्शांत द्यावी लागते, एक महिन्याच्या पाच तारखेला आणि दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ फलाटावर. तुम्ही एकटे असता तर गोष्ट वेगळी होती, पण आता घरातून दोन माणसे दोन दिशांना निघणार आहेत. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील मला पत्नीच्या शाळेचा वाटला, आणि नेमका तोच तुम्ही हिशेबात धरलेला दिसत नाही. ठाणे हे मध्य रेल्वेवरचे स्थानक, तुमचे ऑफिस लोअर परळला, म्हणजे पश्चिम रेल्वेवर. परंतु मध्य रेल्वेच्या करी रोड स्थानकावरून लोअर परळ दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे, शिवाय दादरला पूल ओलांडून पश्चिमेची स्लो गाडी घेता येते. म्हणजे दोघांनाही सोयीची अशी एकच लाइन आहे आणि ती मध्य रेल्वे आहे. नालासोपारा या चित्रात कुठेच बसत नाही. तिथून ठाण्याला जायचे तर दादरचा वळसा, नाहीतर घोडबंदर रस्त्यावरची बस, नाहीतर वसई-दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्या. सकाळी सातच्या शाळेला या तिन्हींतला एकही मार्ग रोज निभावणार नाही.

मध्य रेल्वेवर ठाण्यातच घर घेतले तर उत्तम, पण ठाणे पश्चिमेला बऱ्यापैकी इमारतीत वन बीएचके आता बावीस ते तीस हजारांत जाते, म्हणून ते मी बाजूला ठेवते. वीस हजारांच्या आतले दोन पर्याय मला तुमच्यासाठी खरे दिसतात. पहिला कळवा, त्यातही खारेगाव आणि पारसिकनगरचा भाग, जिथे माझ्या माहितीप्रमाणे चौदा ते अठरा हजारांत घर मिळते. पत्नीसाठी हे ठाण्याच्या शेजारचे स्थानक. लोकल चुकली तर पूल ओलांडून बस किंवा रिक्षाने जाता येते. तुमच्यासाठी मात्र कळवा अवघड आहे. तिथे फक्त स्लो गाड्या थांबतात आणि त्या कल्याण-डोंबिवलीहूनच भरून येतात, त्यामुळे सकाळी साडेआठला डब्यात पाय ठेवायला जागा नसते. कळव्याचे अनुभवी लोक आधी ठाण्याला जातात आणि तिथून सुटणारी स्लो लोकल पकडतात. वीस मिनिटे जास्त जातात, पण बसायला मिळते आणि करी रोडला थेट उतरता येते.

दुसरा पर्याय डोंबिवली. मी गेली सव्वीस वर्षे डोंबिवलीकर आहे, तेव्हा माझे माप थोडे झुकते आहे असे समजून पुढचे वाचावे. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दहा ते तेरा हजार आणि लिफ्टच्या इमारतीत तेरा ते अठरा हजार, असे भाव माझ्या आजूबाजूला आहेत. पत्नीला ठाणे पंधरा-वीस मिनिटांवर. तुम्हाला फास्ट लोकलने दादर साधारण पन्नास मिनिटांवर, आणि मुख्य म्हणजे डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत. गाडी जिथून सुटते त्या स्थानकाजवळ राहणे ही मुंबईतली एक छोटी श्रीमंतीच आहे. त्यासाठी मी दोन हजार जास्त भाडे द्यायला सांगेन. हे केवळ आरामाचे म्हणून सांगत नाही. जून २०२५ मध्ये मुंब्रा स्थानकाजवळ भरलेल्या लोकलच्या दारात लटकणारे प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, ते याच मार्गावर. घर निवडताना आपण कोणत्या दारात उभे राहणार आहोत, हेही आपण निवडत असतो.

डोंबिवलीत घर बघाल तेव्हा स्थानकापासून चालत पंधरा मिनिटांचा परीघ सोडू नका. शीळ रस्त्याकडच्या मोठ्या गृहसंकुलांमध्ये त्याच भाड्यात पोहण्याचा तलाव आणि बाग मिळते आणि फोटो पाहून मन ओढले जाते, पण तिथून स्थानक गाठायला बस आणि मानपाडा रस्त्याची कोंडी यांच्या भरवशावर राहावे लागते. सकाळी त्या रस्त्यावर गेलेला अर्धा तास कोणत्याही बागेत भरून निघत नाही. अंबरनाथ-बदलापूरला भाडे निम्म्यावर येते हे खरे, पण तुमच्या एका फेरीत आणखी अर्ध्या तासाची भर पडते, आणि दोघांचे मिळून ८२ हजार हातात असताना तुम्हाला तेवढे लांब जाण्याची गरज नाही.

करार करण्याआधी एक प्रयोग अवश्य करा. एखाद्या रविवारी रात्री डोंबिवलीला मित्राकडे मुक्काम करा आणि सोमवारी सकाळी त्या घराच्या फाटकापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत घड्याळ लावून जा. रविवारी दुपारी पाहिलेल्या घराचे आणि सोमवारी सकाळी गाठलेल्या गाडीचे गणित कधीच एक नसते. जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे लिहिलेले असते, ती पाच मिनिटे रात्री अकरा वाजता रिकाम्या रस्त्याने रिक्षात बसून मोजलेली असतात.

आता हेवी डिपॉझिटविषयी सविस्तर, कारण वडिलांनी ठेव मोडण्याची तयारी दाखवली आहे आणि त्यांना ‘नको’ म्हणण्यासाठी तुमच्या हातात आकडे हवेत. आठ लाखांची ठेव सात टक्क्यांनी धरली तर वर्षाला ५६ हजार व्याज होते, म्हणजे महिन्याला सुमारे ४,६६७ रुपये. बिनभाड्याचे घर म्हणून जे सांगितले जाते त्याचे भाडे हे इतके आहे, फक्त ते तुमच्या वडिलांच्या खिशातून जाणार आहे. नालासोपाऱ्याला तसेच घर रीतसर भाड्याने सात-आठ हजारांत मिळते. म्हणजे सगळा फायदा महिना अडीच-तीन हजारांचा, आणि त्यासाठी पणाला लागणारी रक्कम आठ लाख. तुम्ही स्वतः लेखा विभागात आहात. असा प्रस्ताव कंपनीत कोणी तुमच्या टेबलावर ठेवला असता तर तुम्ही सही केली असती का?

धोका कुठे आहे तेही समजून घ्या. डिपॉझिट म्हणजे मालकाला दिलेले बिनतारणाचे कर्ज असते. ज्या मालकाला महिन्याच्या भाड्यापेक्षा एकरकमी आठ लाख हवे असतात, त्याला ते कशासाठी हवे आहेत हा पहिला प्रश्न मनात यायला हवा. अनेकदा घरावर बँकेचे कर्ज असते आणि हप्ते थकलेले असतात. बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेतला की लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे मालकाने ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या परवानगीवर, राहणाऱ्याचा हक्क बँकेपुढे टिकत नाही, आणि मालकाकडून आठ लाख परत मिळवण्यासाठी दिवाणी न्यायालयाचे खेटे उरतात. कधी एकच घर दोघा-तिघांना हेवी डिपॉझिटवर दिलेले असते. कधी ‘मालक’ हाच मालक नसतो. आणि नालासोपाऱ्यापुरते बोलायचे तर २०२५ च्या सुरुवातीला तिथे न्यायालयाच्या आदेशाने अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या आणि त्यांत राहणारी कुटुंबे सामानासह रस्त्यावर आली. अशा इमारतीत महिन्याचे भाडे देणाऱ्याचे नुकसान दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटचे होते. हेवी डिपॉझिटवाल्याचे होते ते जन्माच्या पुंजीचे.

मुंबई परिसरात डिपॉझिट किती घ्यावे याला चालत आलेल्या प्रथेखेरीज आडकाठी नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने तो स्वीकारल्याशिवाय त्याचा तुम्हाला उपयोग नाही. डोंबिवली-कळव्याकडे साधारण तीन महिन्यांचे भाडे किंवा गोळाबेरीज पन्नास हजार मागतात. त्याहून फार जास्त मागणाऱ्याला मी सरळ ‘बघतो आणि कळवतो’ असे सांगते आणि कळवत नाही.

नोंदणीची गोष्ट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृत असला पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. अकरा महिन्यांची समजूत इतर राज्यांतून आली आहे. तिथे एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नसते. आपल्याकडे नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इतकेच नव्हे, करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर कोणत्या अटींवर घर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. मालक टाळाटाळ करत असतील तर त्यांना ही शेवटची ओळ नम्रपणे वाचून दाखवा. आमच्या सोसायटीत मी नऊ वर्षे सचिव होते, त्या काळात या ओळीने काम होताना मी तीनदा पाहिले आहे.

खर्चाची भीतीही बाळगू नका. मुद्रांक शुल्क एकूण मुदतीचे भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेली रक्कम, यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. सोळा हजार भाडे, पन्नास हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर बेरीज सुमारे १ लाख ८० हजार ५८३ होते आणि शुल्क पाचशेच्या आत येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. बाकी जे घेतले जाते ते घरी येऊन अंगठ्याचे ठसे आणि फोटो घेणाऱ्या माणसाचे मानधन, आणि तो खर्च मालक व भाडेकरूने निम्मा-निम्मा करण्याची पद्धत आहे.

करारात काय लिहिले आहे ते सहीच्या आदल्या रात्री शांतपणे वाचा. ठसे घेणारा माणूस दारात उभा असताना कोणी वाचत नाही. मेन्टेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा, हे स्पष्ट हवे. घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, असा शासनाचा २००१ पासूनचा आदेश आहे, आणि ते मालकाने भरायचे असे लिहून घ्या. लॉक-इनची मुदत दोघांनाही सारखी असावी. तुम्ही सहा महिने घर सोडायचे नाही आणि मालक मात्र कधीही काढू शकतो, असे छापील नमुने सर्रास फिरतात. मुदत संपल्यावर नूतनीकरण न करता राहिलात तर कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट भाडे मागू शकतो, म्हणून संपण्याआधी महिनाभर विषय काढा.

डिपॉझिट परत मिळण्याची अट मी मुद्दाम वेगळी काढते आहे, कारण माझे स्वतःचे हात तिथे पोळले आहेत. लग्नानंतर आम्ही घाटकोपरला भाड्याने राहत होतो. घर सोडताना मालकांनी पंधरा हजारांतले चार हजार कापले, कारण काय तर भिंतीला खिळे आणि स्वयंपाकघरात ‘तेलकटपणा’. खिळे आमच्या आधीचे होते, पण ते सिद्ध कसे करणार? त्या काळी चार हजार म्हणजे माझा महिन्याचा पगार होता. तेव्हा तुम्ही ताबा घ्याल त्या दिवशी, सामान आत येण्याआधी, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, नळ, खिडक्यांच्या काचा, फ्लशची टाकी, विजेच्या मीटरचा आकडा, असे सगळे मोबाइलमध्ये टिपा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. करारात ‘किल्ली देणे आणि डिपॉझिट परत करणे एकाच वेळी’ एवढे आठ शब्द घालून घ्या. डिपॉझिट आणि भाडे बँकेतूनच द्या, रोख नाही.

घर बघताना काय बघावे, हे लोक विचारतात आणि मग खिडकीतून दिसणारे दृश्य बघून येतात. तुम्ही डिसेंबर-जानेवारीत बघणार, म्हणजे पाऊस नाही, आणि ओल तर पावसातच खरी कळते. म्हणून बेडरूमच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीला तळहात लावा. चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तो कशासाठी लावला असेल याचा विचार करा. कपाट किंवा फ्रिज भिंतीपासून सरकवायला सांगा. पोपडे तिथे दिसतात. वरच्या मजल्यावरचे घर गच्चीखाली असेल तर छताच्या कोपऱ्यातले पिवळे वर्तुळ शोधा. न्हाणीघराच्या छताकडे पाहायला विसरू नका, कारण वरच्यांची गळती तिथून सुरू होते. मग नळ सोडा. पाणी येत असेल तर एवढ्यावर खूश होऊ नका. ते टाकीतले असते. पाणी किती वाजता आणि किती वेळ सोडतात, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि लागला तर त्याची वर्गणी भाडेकरूकडून घेतात का, हे मालकाला विचारू नका, जिन्यात भेटलेल्या बाईंना विचारा. त्या दोन मिनिटांत तुम्हाला सोसायटीचा निम्मा इतिहास सांगतील.

इमारतही बघा. डोंबिवलीत जुन्या इमारती पुष्कळ आहेत आणि पालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक व अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते; अतिधोकादायक इमारतींचा वर्ग ‘सी-१’ असतो आणि त्या रिकाम्या कराव्या लागतात. नवी पण बेकायदा इमारत तर जुनीहून वाईट असू शकते; एप्रिल २०१३ मध्ये शीळ फाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे गेली, त्यांतले कित्येक त्यातच राहत होते. भाडेकरू म्हणून सगळी कागदपत्रे मागणे अवघड वाटेल, पण मालमत्ता कराची पावती, मालकाच्या नावाचे वीजबिल आणि सोसायटीची मेन्टेनन्सची पावती या तीन गोष्टी मागायला संकोच नको. तिन्हींवर एकच नाव असेल आणि तेच नाव करारात व आधारवर असेल, तर माणूस खरा मालक आहे याची बरीच खात्री पटते. घर आई किंवा भावाच्या नावावर आहे असे उत्तर आले तर करार त्यांच्याशीच व्हायला हवा, नाहीतर त्यांनी दिलेले कुलमुखत्यारपत्र तरी दिसायला हवे.

एजंटांवर तुमचा राग आहे, तो समजण्यासारखा आहे. तरी एजंट टाळायचाच असा हट्ट धरू नका. एका महिन्याचे भाडे दलाली, हा इथला दर आहे आणि ती करार नोंदल्यावर द्यायची असते. घर दाखवण्याआधी ‘फाइल चार्ज’ मागणारा किंवा घर न दाखवता टोकन मागणारा एजंट सोडून द्या. त्याच वेळी आपणही चाला. ज्या गल्लीत राहावेसे वाटते तिथला इस्त्रीवाला, वाण्याचे दुकान आणि इमारतीचा वॉचमन यांना कुठले घर रिकामे होणार आहे हे एजंटच्या आधी ठाऊक असते. आमच्या इमारतीतले गेल्या वर्षीचे दोन्ही भाडेकरू इस्त्रीवाल्याच्या ओळखीने आले.

फोनवरच विचारून घ्यायची आणखी एक गोष्ट आहे. मुंबईत मराठी माणसालाही काही सोसायट्या घर नाकारतात, आणि कारण बहुधा मासे-मटणाचे असते. इतरांना तर याहून कडू अनुभव येतात. ही वागणूक मला चीड आणणारी वाटते, पण तुमचा रविवार त्या भांडणात जावा असे वाटत नाही. ‘आमच्या घरी सामिष शिजते’ हे वाक्य पहिल्या फोनमध्ये बोलून टाका. ज्यांना चालत नाही ते तिथेच गळतील.

पैशांची तयारी किती हवी? सोळा हजारांचे घर धरा. पहिले भाडे १६, डिपॉझिट ५०, दलाली १६, कराराचे ३, टेंपो आणि हमाली ६, असे मिळून ९१ हजार होतात. गॅस, पडदे, बादल्या धरून एक लाख बाजूला ठेवा. एवढे तुमच्याजवळ नसेल तर वडिलांकडून तेवढेच घ्या, आणि उरलेले सात लाख ठेवीतच राहू द्या. घरभाडे भत्त्याची सवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते आणि वर्षाला एक लाखाहून अधिक भाडे असेल तर मालकाचा पॅन लागतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण पॅन द्यायला मालक तयार आहेत का, हे आधीच विचारून ठेवा.

त्या सात लाखांचे काय करायचे, तेही सुचवते. म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत ठाणे, कल्याण, विरार या पट्ट्यासाठी निघते. लग्नानंतर तुम्हा दोघांचे हातात पडणारे वर्षाचे उत्पन्न ९ लाख ८४ हजार होते आणि कपातीआधीचा पगार धरला तर थोडे वर जाईल. सध्याच्या मर्यादेत मुंबई परिसरासाठी वर्षाला नऊ ते बारा लाखांचे कुटुंब मध्यम उत्पन्न गटात बसते. अधिवास प्रमाणपत्र, दोघांचे पॅन-आधार आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र तयार ठेवा. अधिवासाच्या दाखल्याला बार्शीच्या तहसीलमध्ये वेळ लागू शकतो, तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा अर्ज टाकूनच या. वडिलांची ठेव अशा घराच्या पहिल्या हप्त्याला कामी आली तर त्यांनाही बरे वाटेल.

राहिला वेळेचा प्रश्न. घरे महिन्याच्या अखेरीला रिकामी होतात आणि त्याची बातमी वीस-पंचवीस दिवस आधी फुटते, म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून शोध सुरू करा आणि करार १ फेब्रुवारीपासून धरा. दोन-तीन घरे पसंत पडली की होणाऱ्या पत्नीला एकदा बोलावून घ्या. स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची, धुणे वाळत घालायची जागा आणि शाळेला निघायची वेळ यांचा निर्णय तिच्याशिवाय होऊ नये. परळच्या खोलीतल्या मित्रांना मात्र नाताळच्या आधीच सांगून टाका, कारण तुमच्या वाट्याचे भाडे भरायला त्यांनाही चौथा माणूस शोधायचा आहे.